खेचर कंपनीचा बिल्ला

सोनबा पाथरवटाचा फोन दुपारी तीनला आला, आणि त्यानंतर हिंदुरावांच्या घरात कुणी धड चहासुद्धा प्यायलं नाही.

काटेवाडीच्या शाळेच्या आवारात गावातल्या माजी सैनिकांची शिळा उभी राहायची होती. तिच्यावरची सात नावं कोरून झाली होती, आणि प्रत्येक नावाखाली त्या त्या माणसाच्या पलटणीचं चिन्ह यायचं होतं. सहा चिन्हं झाली. सातवं, म्हणजे हिंदुरावांच्या वडिलांचं, म्हस्कूआबांचं, सोनबानं खडूनं आखून ठेवलं होतं: ढाल-तलवार, मराठा पलटणीची. उद्या सकाळी तो छिन्नी लावणार होता. पण चित्रं काढून देणाऱ्या संस्कृतीनंच त्याला फोन करून थांबायला सांगितलं, ते का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

हिंदुरावांनाही आपल्या मुलीला तेच विचारायचं होतं.

संस्कृती बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्राच्या भागांची रेखाटनं करायची. मापाला पक्की. सहा चिन्हं तिनं त्या त्या घरी जाऊन, खऱ्या टोप्यांवरून, खऱ्या पदकांवरून उतरवून घेतली होती. आजोबांचंही तसंच करू म्हणून ती आजीच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी बसली. आबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. गणवेश होता, पट्टा होता, पण ढाल-तलवार कशावरच सापडेना. कोटाच्या अस्तराच्या आत मात्र काहीतरी जाडसर हाताला लागलं. तिनं कात्रीच्या टोकानं टाके उसवले. तळहाताएवढा हिरवट कापडी बिल्ला निघाला. त्यावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेली एक नाल, वर डोंगराची तिरकी रेघ, आणि खाली एक आकडा, ज्याचे दोरे झडून गेले होते.

नाल उलटी होती. दारावर ठोकतात तशी तोंड वर करून नाही, तोंड खाली करून.

"असला बिल्ला मराठा पलटणीचा नाही, पप्पा," ती म्हणाली. "मी दोन दिवस फोनवर शोधतेय. असला बिल्ला कुणाचाच सापडत नाही."

हिंदुरावांनी तो हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. त्यांना पहिल्यांदा वाटलं की हा दुसऱ्या कुणाचा तरी असणार. दोस्ताची आठवण म्हणून आबांनी ठेवला असेल. तसं ते बोललेही. शिळेच्या समितीचे अध्यक्ष तेच होते, आणि शाळेत पंधरा ऑगस्टला पंचवीस वर्षं तेच भाषण करत आले होते. एकाहत्तर साली म्हस्कू शिपायानं संगीन लावून शत्रूची चौकी कशी घेतली, हे गावातल्या तीन पिढ्यांना त्यांच्या तोंडून पाठ झालं होतं.

हिंदुरावांचा धाकटा भाऊ दीपक खिडकीशी उभा होता. तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला इंदापुरात. शिळेचं अनावरण रविवारी, म्हणून दोन दिवस आधी आला होता. दोघा भावांचं विहिरीच्या वाटणीपासून जेमतेम बोलणं होतं. तो शांतपणे म्हणाला की आईच्या पेन्शनच्या कागदावर मराठा पलटण कुठंच लिहिलेलं नाही. तिथं सप्लाय कोअर लिहिलंय. सामान वाहणारं खातं.

"तुला कधीपासून माहीत?" हिंदुरावांनी विचारलं.

"सोळा वर्षं झाली. आईच्या हयातीच्या दाखल्याला मीच जातो की."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू माईकवर होतास, दादा. मदीच कसं बोलायचं?"

हिंदुरावांची बायको राजेश्वरी तेवढ्यात मध्ये पडली. तिचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस गेला, गाव मानतंय, दगडावर ढाल-तलवार आखून झालीय, मग अस्तरातलं कापड बाहेर काढून कुणाचं भलं होणार? एरवी दिराशी तिचं पटायचं नाही, पण आज ती त्यालाच समजावत होती की भाऊजी, तुमीच सांगा पोरीला. आणि दीपक, जो कधी वहिनीचं ऐकायचा नाही, तो मान डोलवून गप्प बसला. संस्कृती एकटी पडली. तिला कुणाला खोटं पाडायचं नव्हतं. तिला फक्त हे कळून घ्यायचं होतं की एखादी पलटण आपल्या बिल्ल्यावर उलटी नाल का भरेल.

संस्कृतीची आजी, द्वारकाबाई, कोपऱ्यात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण नखं अजून धारदार. त्यांनी पाटी बाजूला सारली.

"इंदापूरला बादशाह हाय," त्या म्हणाल्या. "त्याला इचारा. मला पन घिऊन चला."

बादशाह कोण, हे दोन्ही मुलांना ठाऊक नव्हतं. दीपक तर त्याच गावात अठरा वर्षं राहत होता.

*

गाडी हिंदुरावांनी चालवली. भवानीनगरच्या पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेत लागले होते, त्यामुळं निमगाव केतकी यायला साडेचार वाजले. वाटेत संस्कृतीनं आजीला चार-पाच प्रश्न विचारून पाहिले. आजीनं एकाचंच उत्तर दिलं. बादशाह हा नालबंद, त्याचा बापही नालबंद होता, साखर कारखान्याला ऊस आणणाऱ्या बैलांना पत्र्या ठोकायचा. बाकी त्याच्याच तोंडून ऐक, म्हणाली.

इंदापुरात जुन्या बाजारतळामागं घर सापडलं. दारात सून सुरैय्या डाळिंबं निवडून क्रेटमध्ये भरत होती. द्वारकाबाईंनी नाव सांगताच ती आत धावली. मग एक उंच, वाकलेले म्हातारे भिंतीला हात लावत बाहेर आले. ब्याऐंशी वर्षांचे. द्वारकाबाईंसमोर उभे राहून त्यांनी नुसती मान खाली घातली.

"वहिनी, म्हस्कूच्या मातीला आलो होतो, त्यानंतर आज," ते म्हणाले.

हिंदुरावांना आठवलं. मातीला एक मुसलमान म्हातारा आला होता, शेवटपर्यंत थांबला होता आणि कुणाशी न बोलता एसटीनं परत गेला होता. त्यांनी तेव्हा विचारलंही नव्हतं.

संस्कृतीनं बिल्ला पुढं केला. बादशाहचाचांनी चष्मा लावला नाही. अंगठ्यानं दोरे चाचपून पाहिले आणि लगेच म्हणाले की ही घोड्याची नाल नव्हे. घोड्याची गोल असते, ही बघ, लांबट आणि अरुंद. ही खेचराची. बैलाला तर नालच नसते, पत्री असते, दोन तुकड्यांची.

"आणि उलटी का?" संस्कृतीनं विचारलं.

"उलटी कुठं? तू दारावरची बघतीस. ही जमिनीवरची हाय. जनावर तुझ्याकडं पाठ करून चढ चढाय लागलं, तर त्याचं पाऊल मागं कसं उमटतं? बंद बाजू वर, उघडं तोंड खाली. ही पुढं गेलेल्या जनावराची खूण हाय."

संस्कृतीनं वही काढली. तिथून पुढं तासभर ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. मोठी माणसं नुसती ऐकत होती.

कंपनी इंग्रजाच्या काळात उभी राहिलेली. रस्ता संपतो तिथून पुढं पीठ, रॉकेल, गोळ्या आणि पाणी खेचरांच्या पाठीवर न्यायचं, हे तिचं काम. जुने उस्ताद सांगायचे की ब्रह्मदेशच्या जंगलात आवाज होऊ नये म्हणून खेचरांचे कंठ कापले होते. ती तोंड उघडायची, पण ओरडणं फुटायचं नाही. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असायचा. सरकारी कागदात जनावराला नावच नसायचं, नाव ठेवायचा तो त्याला हाकणारा शिपाई. टोपीवर साऱ्या सप्लाय कोअरचा एकच बिल्ला. त्याशिवाय कंपनीची म्हणून एक खूण फाटकावर रंगवलेली असायची, ती त्या वेळी खेचराचं तोंड अशी होती.

म्हस्कू खेचरवाला आणि बादशाह नालबंद, दोघे एका तालुक्याच्या अंतरावरचे, म्हणून दोस्ती. म्हस्कूकडं एक भुरी मादी आली. दोघा शिपायांना लाथा घालून झाल्या होत्या, ती कुणालाच नको होती. म्हस्कूनं तिचं नाव ठेवलं नकोशी.

"एकाहत्तरच्या लढाईनंतरचा हिवाळा," चाचा म्हणाले. "वर एक चौकी हुती. चौदा माणसं. नऊ दिवस बर्फ पडलं. टेलिफोनची तार तुटली. आमची बारा खेचरं घेऊन पहाटं निघालो. अर्ध्यात वाट गायब. साऱ्या डोंगरावर पांढरी चादर. पुढचा शिपाई काठी टोचत चालला हुता, तो कमरेपर्यंत आत गेला. साहेबानं उजवीकडं बोट दाखवलं. नकोशी जाईना. चाबूक मारला तरी जाईना."

सुरैय्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"आमच्यात एक कायदा हुता, पोरी. खेचराचा दोर हातातनं सोडायचा न्हाय. माणूस पडला तरी दोर हातात पायजे. म्हस्कूनं दोर सोडला. साहेबाच्या देखत. म्हणाला, ही उन्हाळाभर ह्या वाटंनं गेलीय, हिला ठाऊक हाय. नकोशी लई वेळ हुभी राहिली. बर्फ हुंगलं. मग डावीकडं वळली आन् चढाय लागली. तिच्या पावलात पाऊल ठेवून आमी सगळे गेलो. धा वाजता चौकीवर पोचलो. तितं पोरं वापरलेली चहापत्तीच पुन्ना पुन्ना उकळून पीत हुती. दोघांचे पाय काळे पडलेले. त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. चौदाच्या चौदा वाचले."

"मग आबांना पदक मिळालं?" संस्कृतीनं विचारलं.

चाचा हसले. पदक नाही, शिक्षा मिळाली. दोर सोडला म्हणून मेजरसाहेबांनी म्हस्कूला सात दिवस तबेला साफ करायला लावला. कायदा तो कायदा. पण आठव्या दिवशी त्याच साहेबांनी रंगाऱ्याला बोलावलं, फाटकावरचं खेचराचं तोंड पुसायला लावलं आणि म्हणाले, तोंडापेक्षा पाऊल बरं. नकोशीच्या पुढच्या उजव्या पायाची जुनी नाल बादशाहनं काढून दिली, रंगाऱ्यानं ती फाटकावर ठेवून भोवतीनं गिरवली. पुढं तीच नाल बिल्ल्यावर आली, खेळाच्या बनियनवर आली. वरून मंजुरी कधी मिळाली नाही, पण कंपनीतला प्रत्येक माणूस ती लावायचा.

"ती तुमच्या आबाच्या खेचराची नाल हाय," चाचा हिंदुरावांकडं वळून म्हणाले. "आमी दीडशे माणसं ती बाहीवर घिऊन फिरलो."

संगीन, चौकी, शत्रू, पंचवीस वर्षांची भाषणं हिंदुरावांच्या डोक्यात फिरत होती. शेवटी त्यांनी जे विचारलं ते अगदी लहान आवाजात होतं.

"मग त्यांनी मला का सांगितलं न्हाय, चाचा?"

चाचांनी द्वारकाबाईंकडं पाहिलं.

*

द्वारकाबाईंना गाडीत बसल्यापासून ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. त्यासाठीच त्या आल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि सुरुवात लग्नापासून केली.

मध्यस्थानं त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं, पोरगा बंदूकवाला आहे, मराठा पलटणीत. लग्न झालं. पहिल्या रजेवर नवरा आला तेव्हा त्याचे कपडे धुताना त्यांना जनावराचा वास आला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सांगितलं की मी खेचरं हाकतो, तुला चालतंय का. त्यांना चाललं. फक्त माझ्या भावांना सांगू नका, एवढंच त्यांनी मागितलं, आणि त्यानं ते मानलं.

"तू आठ वर्सांचा असशील," त्या हिंदुरावांना म्हणाल्या. "शाळंतनं वठ फोडून आलास. कुणीतरी तुला म्हणालं हुतं, तुझा बाप खेचराची लीद काढतो. तू रडत हुतास. मीच तुला सांगितलं, न्हाय रं, तुझा बाप बंदूक चालवतो, त्यानं संगीन लावून चौकी घेतली. मला वाटलं, एका दिसाचं हाय. पोरगं गप झोपंल."

"आणि आबा?"

"दिवाळीला रजेवर आले. तू साऱ्या भावकीत त्यांना इचारलंस, आबा, तुमी चौकी घेतली का. त्यांनी माज्याकडं बगितलं. मी खाली बगितलं. ते म्हणाले, व्हय. एवढंच. दुसऱ्या दिशी हा बिल्ला माझ्या हातात दिला आन् म्हणाले, कुठं तरी शिवून ठेव. अस्तरात मीच शिवला. त्यांनी मला कधी बोल लावला न्हाय. लावला आसता तर बरं झालं आसतं."

सुरैय्या दारातून मागं सरकली.

दीपक भावाकडं पाहत होता. सोळा वर्षं त्यानं हा दिवस मनात रंगवला होता. दादाला एकदा सगळ्यांसमोर गप्प बसलेलं पाहायचं होतं त्याला. आज तो समोर गप्प बसला होता, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ओठाच्या जुन्या व्रणावर बोट ठेवून. आणि दीपकला त्यात कसलाच आनंद होईना.

"दादा," तो म्हणाला, "ढाल-तलवारच ऱ्हाऊ दे. पेन्शनचा कागद माझ्याजवळ हाय, तो कुणाला दिसणार न्हाय. गावाला काय फरक पडतोय?"

संस्कृतीनं काकाकडं चमकून पाहिलं. मग आजीकडं. आजी तिच्याकडं पाहत नव्हती. द्वारकाबाईंना हे नकोच होतं. आपल्या तोंडून निघालेलं खोटं आता दगडात जाणार, ही भीती त्यांना शिळेचं ठरल्यापासून झोपू देत नव्हती. पण मुलाला आता हे आणखी कोणत्या तोंडानं सांगायचं?

हिंदुराव उठले. "उशीर झाला. निघू या," एवढंच म्हणाले.

*

सुरैय्यानं रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. डाळिंबाचे दोन क्रेट तिनं बाहेर आणले. मागची डिकी शिळेसाठी आणलेल्या सिमेंटच्या गोण्यांनी भरली होती, म्हणून क्रेट टपावरच्या कॅरिअरवर चढवले. दीपकनं दोर शोधून दिला. हिंदुराव दोन्ही बाजूंनी दोर ओढून, क्रेटचं वजन सारखं करून गाठ मारू लागले. हातांना सवय होती, डोकं भलतीकडं होतं.

बादशाहचाचा उंबऱ्यावर काठी टेकून उभे होते. ते एकदम पुढं आले.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

हिंदुरावांनी हाताकडं पाहिलं. म्हणाले की ही तर आपली साधी उसाच्या मोळीची गाठ. आबांनी शिकवली. मी दहा-बारा वर्षांचा असेन, रजेवर आले की बांधावर बसवून पुन्हा पुन्हा मारायला लावायचे. चुकली की सोडून परत.

"काटेवाडीत दुसरं कुणी मारतं का अशी?"

हिंदुराव विचार करू लागले. त्यांना एकही नाव आठवेना. गडी उलट हसायचे, मालकाची गाठ वेगळीच म्हणून. एवढ्या वर्षांत त्यांनी ती दीपकला शिकवली होती, बाहेरगावाहून येणाऱ्या ऊसतोडीच्या माणसांना शिकवली होती आणि ती कुठून आली हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"खोगिराची गाठ हाय ही," चाचा म्हणाले. "आमच्या कंपनीत पहिल्या महिन्यात हीच शिकवत. कितीबी हिसके बसू दे, सुटत न्हाय. पन खेचर कड्यावरनं घसरलं, तर हे टोक वढायचं." त्यांनी दोराचं मोकळं टोक धरलं आणि ओढलं. सगळी गाठ एका झटक्यात उलगडून टपावरून खाली आली. "वझं जाऊ दे, जनावर वाचलं पायजे."

हिंदुरावांनी खाली पडलेला दोर उचलला. पुन्हा गाठ मारली, आता सावकाश, प्रत्येक वळसा पाहत. टोक ओढलं. सुटली. पुन्हा मारली. गाडीत बसलेल्या द्वारकाबाई काचेतून ते बघत होत्या. तिसऱ्यांदा गाठ मारून झाल्यावर हिंदुरावांनी दोर तसाच ठेवला, खिशातून फोन काढला आणि सोनबाला लावला.

"सोनबा, ती ढाल-तलवार पुसून टाक," ते म्हणाले. "पोरगी उद्या सकाळी दुसरं चित्र घिऊन येतीय. खेचराच्या नालेचं. आमचे आबा खेचरं हाकायचे."

हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले. रविवारी हेच शाळेच्या माईकवर बोलायचं होतं, साऱ्या गावासमोर, आणि पहिला श्रोता काय म्हणतोय याची ते वाट पाहत होते.

"बरं," सोनबा म्हणाला. "नाल किती रुंद घिऊ? दगडाची जागा बघून छिन्नी काढतो."

हिंदुरावांना माप माहीत नव्हतं. त्यांनी फोन तसाच कानाशी धरून चाचांकडं पाहिलं. बादशाहचाचांनी काठी भिंतीला लावली, उजव्या हाताची चार बोटं जुळवून समोर धरली आणि नीट दिसावीत म्हणून उजेडात आणली.